मागचा एक्सल बदलताना



मागच्या आठवड्यात खोडव्याचा फोटो टाकला होता. त्यात पाचट दिसावं हा हेतू होता, पण बऱ्याच जणांना बांधाकडेला उभा असलेला पाइपांचा सांगाडाच दिसला. ट्रॅक्टरचं नवीन अवजार आहे का, फवारणीचं यंत्र आहे का, असे फोन आले. अवजार नाही. ती रेसची गाडी आहे. माझ्या पुतण्यानं आणि त्याच्या कॉलेजच्या पोरांनी बांधलेली. गेल्या हंगामात तिचा मागचा एक्सल बदलण्याचं काम आमच्या शेडमध्ये चाललं होतं. त्या कामात ट्रॅक्टरवाल्यांनी ऐकण्यासारखं बरंच निघालं, म्हणून ही नोंद जरा लांब झाली आहे.

आधी गाडीबद्दल थोडं. इंजिनिअरिंगच्या पोरांची ‘बाहा’ नावाची स्पर्धा असते. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झाली, आपल्याकडे २००७ पासून इंदूरजवळ पिथमपूरला होते. पोरांनी स्वतः गाडी बांधायची, तपासून घ्यायची, चढावर आणि चिखलात चालवून दाखवायची आणि शेवटी चार तासांच्या शर्यतीत टिकवायची. पुतण्याच्या वेळच्या नियमात सगळ्यांना इंजिन एकच, १० एचपीचं. म्हणजे आपल्या पॉवर टिलरपेक्षाही कमी. ताकद सगळ्यांना सारखीच, त्यामुळे ती ताकद जमिनीपर्यंत कोण कशी पोचवतो, सगळा खेळ त्यावर. आणि ती पोचते मागच्या एक्सलमधून.

पोरांनी पहिल्या वर्षी मागं मालवाहू तीनचाकीचा गिअरबॉक्स बसवला होता. पुष्कळ कॉलेजं तेच करतात, कारण स्वस्त मिळतो, स्पेअर कुठंही मिळतं आणि डिफरन्शियल आतच असतं. गाडी रस्त्यावर झकास पळायची. आमच्या काळ्या रानात आली आणि दहा फुटांत बसली. एक चाक चिखल उडवत गरागरा फिरतंय, दुसरं कडक जमिनीवर असून जागचं हलत नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे चित्र काही नवीन नाही.

असं का होतं, हे आपल्यापैकी अनेकांना सवयीनं माहीत असतं, पण कारण विचारलं की गडबड होते. बैलगाडी डोळ्यापुढं आणा. तिचा आख फिरत नाही, चाकं त्याच्यावर सुटी फिरतात. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, कुणाची कुणाला अडचण नाही. ओढायचं काम बैलांचं, आखाचं काम फक्त वजन धरायचं. मोटारीत मात्र आखालाच ओढायला लावलेलं असतं. दोन्ही चाकं एका दांड्यावर पक्की बसवली तर ती सारखीच फिरणार आणि वळताना पंचाईत होणार. तासाच्या टोकाला ट्रॅक्टर पुरता उलटा वळवला, की बाहेरच्या मागच्या चाकाला आतल्यापेक्षा किती जादा चालावं लागतं? वळण लहान घ्या नाहीतर मोठं, फरक तोच राहतो. दोन चाकांतलं अंतर गुणिले ३.१४. अंतर १.४ मीटर असेल तर जवळजवळ ४.४ मीटर. मला स्वतःला हे पटायला कागदावर दोन अर्धवर्तुळं काढावी लागली.

हा फरक सांभाळायला डिफरन्शियल आलं. वाफेच्या गाड्यांच्या काळात, १८२०च्या दशकात, पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं ते मोटारीच्या कामाला आणलं. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतं, पण दोघांना पीळ मात्र सारखाच वाटतं. भावाभावांत समान वाटणी. अडचण तिथंच आहे. चिखलातलं चाक जमिनीला जेवढा जोर देऊ शकतं, तेवढाच जोर कडक जमिनीवरच्या चाकाला मिळतो, त्याच्यापेक्षा एक गुंजही जास्त नाही. चिखलातल्याची ऐपत पन्नासाची, तर दुसऱ्यालाही पन्नासच. इंजिन कितीही ओरडू दे.

ट्रॅक्टरला यावर उपाय म्हणून टाचेजवळ लॉकचं पेडल दिलेलं असतं. तीनचाकीच्या गिअरबॉक्सला तसलं काही नाही. म्हणून पोरांनी ठरवलं, की डिफरन्शियलच काढून टाकायचं. पेटीतले लहान गिअर काढून तिथं एक सबंध लोखंडी ठोकळा बसवायचा, दोन्ही बाजूंचे हाफशाफ्ट त्यातच अडकवायचे. त्याला स्पूल म्हणतात. मग दोन्ही चाकं म्हणजे एकच चाक. आतल्या गिअरना वेल्डिंग मारून हेच काम फुकटात होतं असं एकानं सुचवलं होतं. पण ते गिअर कडक केलेले असतात, नीट तापवल्याशिवाय वेल्डिंग मारलं की चिरा जातात, आणि तुकडा गिअरबॉक्समध्ये फिरायला लागला की सगळंच गेलं. तो विचार सोडला हे बरं झालं.

खर्चात पुतण्याच्या वाट्याला आठ हजार आले. ते मागायला तो दादाकडं गेला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. उसाचं बिल नुकतंच जमा झालेलं, पण त्याच महिन्यात आमच्या ४५ एचपी ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलचं सील गळायला लागलं होतं आणि ब्रेकवर तेल येत होतं. दादाचं म्हणणं साधं होतं. ज्याच्यावर घर चालतंय त्याचा एक्सल आधी, खेळण्याचा मागनं. पोरगं शेवटच्या वर्षाला, पुढच्या वर्षी ही संधी नाही. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. वहिनीनं मध्ये पडून सांगितलं, “द्या नाहीतर नका देऊ, पर एकदा जाऊन बघा तरी काय करत्यात.”

दादा शेडमध्ये आला. तीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूस. पोरांनी लॅपटॉप उघडून सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं, गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, “दोन्ही चाकं एकच झाली म्हंजे कायमचं लॉक दाबून धरल्यागत झालं. मग हे वळायचं कसं?”

पोरं गप्प झाली. गाडी चालवणारी मुलगी गडहिंग्लजकडची, ती पुढं म्हणाली, “मलाही हेच विचारायचं होतं.”

हा प्रश्न ट्रॅक्टरवाल्यांनी हसण्यावारी नेऊ नये. लॉक लागलेलं असताना स्टिअरिंग फिरवलं तर पुढची चाकं वळतात, पण मागची दोन्ही एका चालीनं सरळ ढकलत राहतात आणि ट्रॅक्टर नांगरासारखा सरळ जातो. पुढं बांध असला तर ठीक, विहीर किंवा पाट असला तर काय, हे सांगायला नको. लॉक चाक गरागरा फिरायच्या आधी किंवा थांबवून दाबायचं, वळायच्या आधी सोडायचं, आणि सुटलं आहे याची खात्री करूनच वळायचं.

दादानं दुसरा रस्ताही सुचवला. एक्सल काढूच नका, ट्रॅक्टरसारखे डावा-उजवा वेगळे ब्रेक करा. जे चाक फिरतंय त्याला हलका ब्रेक दाबला की डिफरन्शियल फसतं, त्याला वाटतं दोन्ही चाकांना धरण आहे, आणि दुसऱ्या चाकाला जोर जातो. आपण चिखलात हे करतोच. पोरांनी नियमांचं पुस्तक काढलं. असले ब्रेक चालतात, फक्त एका पायानं चारही चाकं जाम करणारा मुख्य ब्रेक असलाच पाहिजे, असं त्यात निघालं. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तरी पोरांनी ते घेतलं नाही, आणि त्यांचं कारण मला पटलं. ब्रेकनं फसवायचं म्हणजे चांगल्या चाकाला जेवढा जोर द्यायचा, तेवढाच दुसऱ्या बाजूला ब्रेकमध्ये जाळायचा. आपल्या ट्रॅक्टरला ४५ एचपी आहेत, थोडे जळाले तरी चालतात. १० एचपीत तेवढी चैन नाही. शिवाय चार तास उड्या मारणाऱ्या गाडीत स्टिअरिंग सांभाळायचं की दोन ब्रेक? दादानंही मान हलवली. दुसऱ्या दिवशी आठ हजार दिले. ट्रॅक्टरचं सील मात्र आधी बदललं.

आता जरा आकडे. इंजिनचा पीळ जेमतेम १९ न्यूटन मीटर. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचे ३१.४८ फेरे झाले की चाकाचा एक होतो, म्हणजे पीळ तितक्याच पटीनं वाढतो. १९ गुणिले ३१.४८, साधारण ५९८. घर्षण वजा केलं तरी पाचशेच्या वर. चौथ्या गिअरमध्ये प्रमाण ७.३५, तेव्हा ३८०० फेऱ्यांना २३ इंची चाकावर ताशी ५७ किलोमीटरच्या आसपास वेग. पहिल्यात तोच १३ च्या आसपास.

डिफरन्शियल असताना ते ५९८ दोन शाफ्टमध्ये निम्मं निम्मं व्हायचं. कुठल्याच शाफ्टवर तीनशेच्या वर जायचं नाही. स्पूल बसवल्यावर एक चाक चिखलात आणि एक बांधावर असलं, की बांधावरच्या एकट्या शाफ्टवर सगळं येतं. गाडी तीच, इंजिन तेच, पण शाफ्टवरचा भार दुप्पट. पोरांनी स्पूल कोल्हापूरला उद्यमनगरात उत्तम करून घेतला होता, एन २४ लोखंडाचा. शाफ्ट मात्र जुनेच ठेवले होते, २० मिलीमीटरचे.

डिसेंबरात लावणीचा एक तुकडा तुटून गेला होता. नांगरून, पाणी सोडून तो त्यांना चिखल करून दिला. पहिला दिवस बहारदार गेला. जिथं बसली होती तिथनं गाडी अशी निघाली की बांधावरच्या मजुरांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी उजवं चाक बांधावर चढलं, डावं चिखलातच, पहिला गिअर, आणि फटाका वाजावा तसा आवाज आला. शाफ्ट गेला.

तो तुकडा घेऊन आम्ही उद्यमनगरात गेलो. तिथल्या मिस्त्रींनी तो उजेडात धरला. आपण उसाचं मूळ फाडून हुमणी आहे की मर हे बघतो, तसं त्यांनी तुटलेलं तोंड बघितलं. शाफ्ट तिरका, मळसूत्रासारखा तुटला होता. खडू दोन्ही हातांत धरून पिळला की मोडतो, तसाच. ते म्हणाले, “ह्ये जास्त कडक करून ठेवलंय. कडक माल असा खडूसारखा जातो. मऊ माल आडवा, सपाट तुटतो, पर तुटायच्या आधी पिळा खातो, तुम्हाला कळतं.” मग त्यांनी रोटाव्हेटरचा एक जुना तुटका शाफ्ट कोपऱ्यातनं काढून दाखवला. त्याच्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा रेषा होत्या. एका झटक्यात न तुटता महिनोन् महिने चीर पुढं सरकत गेली, की त्या उमटतात. तुमच्याकडं पीटीओचा किंवा रोटाव्हेटरचा शाफ्ट तुटला तर भंगारात टाकायच्या आधी तोंड बघा. खडूसारखं तिरकं, सपाट की शिंपल्याच्या रेषा. नवा बसवण्याआधी जुना का गेला ते कळतं.

नवीन शाफ्ट किती जाड करायचा यावर पोरांनी कागद काढला. दुप्पट पीळ झेलायला दुप्पट जाडी लागत नाही. पिळाला दांड्याची ताकद व्यासाच्या घनानं वाढते. २० चा २५ केला की सव्वापट झाला, आणि सव्वाचा घन १.९५. म्हणजे पाच मिलीमीटरमध्ये जवळजवळ दुप्पट. दादा म्हणाला, “येवढ्या पाच मिलीसाठी आमच्या रानात फटाका फोडला व्हय?”

पण शाफ्ट जाड करून काम संपत नाही. टोकाला जिथं दात पाडतात तिथला व्यास जॉइंटच्या मापानं ठरतो, तो वाढवता येत नाही. जाड भाग जिथं बारीक होतो त्या काटकोनात चीर पडते. मिस्त्रींनी लेथवाल्या पोराला तिथं बसूनच बजावलं, “कोपरा मारायचा न्हाई, गोलाई ठेवायची.” कडकपणाही वरच्या थरापुरता ठेवला, आतला गाभा चिवट.

मी तिथं माझं घोडं दामटलं. रोटाव्हेटरला शिअर बोल्ट असतो, दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो, तसं काहीतरी ठेवा म्हटलं. पुतण्या म्हणाला, “काका, चार तासांत तो बोल्ट दहादा तुटेल.” मिस्त्रींनी मधला मार्ग काढला. “मोडायचंच असंल तर भाईर मोडू दे, पेटीच्या आत नको.” म्हणजे स्पूल आणि गिअर सगळ्यांत भक्कम, हाफशाफ्ट त्याच्यापेक्षा किंचित कमी, आणि हाफशाफ्ट असा जोडायचा की दहा-पंधरा मिनिटांत बदलता यावा. दोन तयार शाफ्ट सोबत न्यायचे. आपल्यातले काही जण शिअर बोल्ट सारखा तुटतो म्हणून तिथं हायटेन्साइल बोल्ट घालतात आणि मग गिअरबॉक्सचं बिल भरतात. मी दुकानात उभा राहून असे दोघं-तिघं बघितले आहेत. त्यांना हे वाक्य ऐकवायला पाहिजे.

शाफ्ट तुटल्यामुळं ब्रेकचाही निर्णय फिरला. दोन्ही मागची चाकं एकच झाल्यावर मधोमध एकच डिस्क लावली तरी दोन्हींना ब्रेक लागतो. वजन वाचतं, म्हणून पोरांनी तेच योजलं होतं. पण त्या दिवशी शाफ्ट तुटलेलं उजवं चाक मोकळं झालं होतं. ब्रेक मधोमध असता, तर त्या चाकाला ब्रेकच राहिला नसता. गाडीत पोरगी बसलेली. मी स्पष्ट सांगितलं, दोन्ही चाकांवर वेगळी डिस्क, नाहीतर माझं रान मिळणार नाही. त्यांनी ऐकलं. वजन थोडं वाढलं, वाढू दे.

राहिला दादाचा प्रश्न, वळायचं कसं. आम्ही साडेचार फुटी सऱ्यांच्या रानात चुन्यानं खुणा केल्या. डिफरन्शियल असताना गाडी पाच सऱ्यांत वळायची. स्पूलवर सात लागल्या. मऊ जमिनीत चाक घसरून तरी वळायची, कडक धावपट्टीवर स्टिअरिंग पुरतं फिरवूनही सरळच ढकलायची. गो-कार्टलाही मागं डिफरन्शियल नसतं, मग ती कशी वळते, हे मुलीनं शोधून काढलं. वळताना तिचं आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं. जमिनीला चाकच नाही, तर घसटणार काय? पोरांनी मागचं सस्पेन्शन कडक केलं, म्हणजे वळताना आतल्या मागच्या चाकावरचं वजन हलकं होईल. दोन दिवस स्प्रिंग काढणं-घालणं चाललं होतं. शेवटी सहा सऱ्यांवर आली. पाचवर काही आली नाही. मुलीला वळणाच्या थोडं आधी गाडीला झटका देऊन मागची बाजू घसरवायची सवय करून घ्यावी लागली. ती तिनं आमच्या दोन एकरांत केली. त्या तुकड्याची जमीन मात्र अशी दाबली गेली की पुढं सबसॉयलर घालावा लागला. गाड्यांना रान देणार असाल तर एवढं लक्षात ठेवा.

पिथमपूरला दादा जाणार होता, पण त्याच आठवड्यात तोडीची टोळी आली आणि ते राहिलं. पुतण्याचा फोन संध्याकाळी आला. चारही चाकं जाम करण्याच्या परीक्षेत पास, चिखलात एकदाही बसली नाही. अरुंद वळणांच्या फेरीत मागं पडले, दोन खांब पाडले. चार तासांत एक हाफशाफ्ट गेला, डावा. बाहेरच गेला. तो बदलून गाडी पुन्हा निघाली आणि शेवटपर्यंत चालली. नंबर आला नाही. दादानं फोन माझ्या हातातनं घेतला आणि पहिलं विचारलं, “पोरगी ठीक हाय न्हवं?” मग, “तुटलेला तुकडा आणलाय का? तोंड कसं हाय?”

सपाट होतं. तुटायच्या आधी पिळा खाल्लेला दिसत होता.

पुतण्या आता चाकणला नोकरीला आहे. गाडी त्याच्या मागच्या वर्गातली पोरं दुरुस्त करतायत, म्हणून ती बांधाकडेला उभी आहे. त्यांना स्पूल काढून, आतलं-बाहेरचं चाक गरजेपुरतंच जोडणारं डिफरन्शियल बसवायचंय. खर्चाचा कागद घेऊन परवा दादाकडं आली होती. तोड संपली की रान देतो म्हणालोय. चिखलापुरता एकच गुंठा, आणि सबसॉयलरचं डिझेल त्यांचं.